मदरबोर्ड बदलला आणि विंडोजचं ॲक्टिव्हेशन गेलं: परत कसं आणायचं

बोर्ड बदलून कॉम्प्युटर सुरू केला की पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात "ॲक्टिव्हेट विंडोज" अशी फिकट ओळ येते. वॉलपेपर बदलायला गेलं तर सेटिंग बंद असतं. बाकी सगळं चालतं. फाइली जागेवर असतात, टॅली उघडतं, प्रिंट निघते. म्हणून काही जण ती ओळ तशीच ठेवून काम रेटतात. काही जण दुकानदार म्हणतो म्हणून नवीन विंडोजचे पैसे मोजतात. आणि बरेच जण कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधलं "ॲक्टिव्हेटर" स्वतःच्या मशीनवर चालवू देतात, जे सगळ्यात वाईट.

मी असेंबल्ड पीसी आणि लॅपटॉप दुरुस्त करतो. वळवाच्या पावसात विजा कडाडल्या की केबलवाटे आलेल्या झटक्याने बोर्ड जातात, आणि त्यामागोमाग हा प्रश्न येतोच. ज्यांनी विंडोजचे एकदा रीतसर पैसे भरले आहेत, त्यांतल्या बऱ्याच जणांना ते परत भरावे लागत नाहीत. लायसन्स कुठल्या प्रकारचं आहे ते ओळखता आलं पाहिजे, आणि जमलं तर जुना बोर्ड जिवंत असतानाच ओळखून ठेवलं पाहिजे.

खाली कमांड आणि मेनूची नावं मराठी अक्षरांत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे.

हे का होतं

विंडोज ॲक्टिव्हेट करायची, म्हणजे ती रीतसर घेतलेली असल्याची मायक्रोसॉफ्टकडून खातरजमा करून घ्यायची पद्धत २००१ साली एक्सपीबरोबर घरोघरी आली, आणि कॉम्प्युटरच्या भागांवरून त्या मशीनची ओळख ठरवायची हे तत्त्व तेव्हापासूनचं आहे. विंडोज १० पासून फरक असा पडला की बहुतेकांचं लायसन्स आता २५ अक्षरांच्या कीमध्ये नसतं, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरच्या नोंदीत असतं. तिला डिजिटल लायसन्स म्हणतात. अमुक ओळख असलेल्या मशीनवर विंडोजची अमुक एडिशन (होम, प्रो वगैरे) रीतसर चालू आहे, एवढीच ती नोंद. मशीन नेटला जोडलं की ओळख जुळते आणि ॲक्टिव्हेशन होऊन जातं.

या ओळखीत सगळ्यात जास्त वजन मदरबोर्डचं. रॅम वाढवली, ग्राफिक्स कार्ड बदललं, एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) नवीन टाकला, तर साधारणपणे काही होत नाही. हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली आणि विंडोज कोरी टाकली तरी घाबरायचं कारण नाही. सेटअप की मागेल तिथे "आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की" निवडायचं, आधी होती तीच एडिशन टाकायची आणि नेट जोडायचं. ॲक्टिव्हेशन आपोआप परत येतं. मला येणाऱ्या फोनपैकी पुष्कळ इथेच मिटतात. बोर्ड बदलला की मात्र सर्व्हरच्या लेखी ते दुसरंच मशीन असतं. ॲक्टिव्हेशनच्या पानावर मग जो कोड दिसतो त्याच्या शेवटी एफ२११ असतं. हार्डवेअर बदललेलं आढळलं, एवढाच त्याचा अर्थ.

आधी प्रकार ओळखा

स्टार्टवर उजवी क्लिक करून टर्मिनल किंवा कमांड प्रॉम्प्ट उघडा. त्यात एस-एल-एम-जी-आर ही पाच अक्षरं सलग, मग एक जागा सोडून तिरपी रेघ (/) आणि तिला लागून डी-एल-आय असं टाइप करून एंटर दाबा. दोन-चार सेकंदांत छोटी खिडकी उघडते. पहिल्या ओळीत एडिशन असते: होमला तिथे "कोअर" म्हणतात, प्रोला "प्रोफेशनल". दुसऱ्या ओळीच्या शेवटी "चॅनल" या शब्दाच्या आधी जे लिहिलेलं असतं, ते आपल्या कामाचं. त्याखाली कीची शेवटची पाच अक्षरं आणि लायसन्सची स्थिती.

चॅनलच्या जागी "ओईएम_डीएम" असेल तर लायसन्स कंपनीने मशीनसोबत दिलेलं आहे आणि त्याची की बोर्डच्या बायोसमध्ये, म्हणजे बोर्डवरच्या चिपमधल्या मूळ प्रोग्रॅममध्ये, लिहिलेली आहे. ब्रँडेड लॅपटॉपवर बहुधा हेच दिसतं. "रिटेल" असेल तर विंडोज वेगळी विकत घेतलेली असण्याची शक्यता आहे. शक्यता एवढ्यासाठीच म्हणतो की पाच अक्षरं जर ३व्ही६६टी किंवा ८एचव्हीएक्स७ असतील, तर ती कुणाचीच खाजगी की नाही. प्रो आणि होमसाठी मायक्रोसॉफ्टनेच ठेवलेल्या या सर्वसाधारण की आहेत आणि डिजिटल लायसन्सवरच्या असंख्य मशीनवर त्याच दिसतात. विंडोज ७ चा स्टिकर असलेलं जुनं ब्रँडेड मशीन फुकट अपग्रेडमध्ये १० वर गेलं असेल, तर तेही खिडकीत "रिटेल" म्हणून दिसतं, पण मुळात ते ओईएमच, म्हणजे मशीनसोबत आलेलंच असतं. अशा वेळी खिडकीवर विसंबू नका, खरेदीचं बिल बघा.

तिसरा प्रकार "व्हॉल्युम", म्हणजे कंपन्या-कॉलेजांना एकगठ्ठा दिलेलं लायसन्स. कॉलेजच्या किंवा ऑफिसच्या मशीनवर ते दिसणं बरोबर आहे, आणि तिथे बोर्ड बदलला तर काम त्यांच्या आयटीवाल्यांचं. घरच्या मशीनवर ते दिसलं तर खाली सहा महिन्यांबद्दल लिहिलं आहे ते नीट वाचा.

लायसन्स खात्याला जोडलेलं असेल तर

हा सगळ्यात सोपा रस्ता, २०१६ च्या ॲनिव्हर्सरी अपडेटपासून खुला झालेला. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन असं जायचं. १० मध्ये तेच पान अपडेट अँड सिक्युरिटीत सापडतं. जुना बोर्ड असताना तिथे "डिजिटल लायसन्स लिंक्ड टू युअर मायक्रोसॉफ्ट अकाउंट" असं वाक्य असेल, तर तुमचं निम्मं काम झालेलं आहे. नुसतंच "डिजिटल लायसन्स" लिहिलेलं असेल, तर त्याच पानावरून मायक्रोसॉफ्ट खातं जोडता येतं. त्यासाठी ॲडमिन युजर लागतो.

नवा बोर्ड बसला की त्याच ॲडमिन युजरने, तेच खातं वापरून याच पानावर यायचं. ॲक्टिव्हेशन नसेल तेव्हाच इथे "ट्रबलशूट" हे बटण दिसतं. ते दाबलं की विंडोज थोडा वेळ शोधाशोध करते आणि जमलं नाही म्हणून सांगते. इथे पुष्कळ जण खिडकी बंद करून टाकतात. बंद करू नका. त्याच खिडकीत खाली "आय चेंज्ड हार्डवेअर ऑन धिस डिव्हाइस रिसेंटली" अशी ओळ असते, ती दाबायची. पासवर्ड दिला की खात्याला जोडलेल्या मशीनची यादी येते. त्यातून आपलं निवडायचं, "धिस इज द डिव्हाइस आय ॲम यूजिंग राइट नाऊ" या चौकटीत खूण करायची आणि ॲक्टिव्हेट दाबायचं.

ऐकायला सरळ आहे, पण त्या यादीत अडकायला होतं. आमच्याकडच्या एका डीटीपीवाल्या काकांचं उदाहरण देतो. ऐन लग्नसराईत त्यांच्या मुख्य मशीनचा बोर्ड आणि डिस्क दोन्ही एकदम गेले. दुकानात तीन मशीन, तिन्ही एकाच खात्यावर, आणि यादीत तिन्हींची नावं "डेस्कटॉप" आणि पुढे इंग्रजी अक्षरं-आकड्यांची गिचमिड. विंडोज नवीन टाकताना स्वतःहून जे नाव ठेवते, ते कुणी बदललेलंच नव्हतं. काका म्हणाले, "यातलं माझं कुठलं ते मी कसं सांगू रे?" उपाय असा की चालू असलेल्या दोन्ही मशीनवर सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउटमध्ये जाऊन त्यांची नावं कागदावर उतरवली, नव्याने टाकलेल्या विंडोजचं नावही लिहून घेतलं, आणि यादीतून ती वजा केली. जे उरलं ते जळालेलं मशीन. ते निवडल्यावर ॲक्टिव्हेशन लगेच आलं. त्याच बैठकीत आम्ही तिन्ही मशीनना "काउंटर", "डिझाइन" आणि "प्रिंटिंग" अशी नावं देऊन टाकली. हे काम तुम्ही आजच करा, दोन मिनिटं लागतात आणि बोर्ड जाण्याची वाट बघावी लागत नाही.

यादीत मशीन आहे, पण जमत नाही

याची कारणं मोजकी आहेत. सगळ्यात जास्त आढळणारं कारण एडिशनचं. होमचं लायसन्स आणि दुकानदाराने टाकली प्रो, तर ते कधीच जुळणार नाही. कोडच्या शेवटी एफ२१२ दिसतं. आपल्याकडे यात आणखी एक खाच आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या कितीतरी लॅपटॉपवर "होम सिंगल लँग्वेज" ही वेगळी एडिशन असते. ती साधी होम नव्हे. त्या लॅपटॉपवर कुणी साधी होम टाकली, तर बायोसमध्ये खरीखुरी की असूनही "ॲक्टिव्हेट विंडोज" जात नाही, आणि माणूस उगाच नव्या कीच्या मागे लागतो. मघाच्या खिडकीत ही एडिशन "कोअर सिंगल लँग्वेज" अशी दिसते. फॉरमॅट मारण्याआधी तिचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, वादच राहत नाही.

बाकीची कारणं अशी: त्या मशीनवर विंडोज आधी रीतसर ॲक्टिव्हेट झालेलीच नव्हती, एकाहून जास्त ॲडमिन आहेत आणि दुसऱ्याने आधीच ॲक्टिव्हेट केलं आहे, मशीन संस्थेच्या ताब्यातलं आहे, किंवा किती वेळा परत ॲक्टिव्हेट करता येतं ती मर्यादा संपली आहे. शेवटच्या कारणात आणि ज्यांच्याकडे रिटेलचा डबा व बिल आहे त्यांनी "गेट हेल्प" ॲपमधून मायक्रोसॉफ्टच्या माणसाशीच बोलावं. बोर्ड बदलल्याचं बिल हाताशी ठेवा आणि काय झालं ते सरळ सांगा.

रिटेल की असूनही खात्याला जोडलेली नसेल, तर ॲक्टिव्हेशनच्या पानावर "चेंज प्रॉडक्ट की" दाबून ती परत टाकायची. शेवटी सी००८ आलं तर ही की दुसऱ्या मशीनवर वापरात आहे असं सर्व्हरचं म्हणणं. सी००३ आलं तर ती की मायक्रोसॉफ्टने अडवलेली आहे, मग विकणाऱ्याला गाठण्यावाचून मार्ग नाही.

ओईएम: इथे नियम कडक आहे

मशीनसोबत आलेलं लायसन्स त्या मशीनसोबतच संपतं, आणि मायक्रोसॉफ्टच्या लेखी मदरबोर्ड म्हणजेच मशीन. हौसेने किंवा वेग हवा म्हणून बोर्ड बदललात तर तो नवा कॉम्प्युटर धरला जातो आणि लायसन्स नवीन लागतं. पण बोर्ड बिघडला म्हणून बदलला, आणि कंपनीने दिलेला तोच किंवा त्याच्या तोडीचा बोर्ड बसवला, तर जुनंच लायसन्स चालतं. हा फरक बऱ्याच ग्राहकांना कुणी सांगतच नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय.

लॅपटॉपचा बोर्ड अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये बदलला असेल, तर ताबा घेण्याआधी काउंटरवरच मशीन सुरू करायला सांगा, नेटला जोडा आणि ॲक्टिव्हेशनचं पान उघडून बघा. सर्व्हिससाठी येणाऱ्या कोऱ्या बोर्डच्या बायोसमध्ये विंडोजची की आणि लॅपटॉपचा सीरियल नंबर लिहावा लागतो. ते राहिलं तर घरी आल्यावर ॲक्टिव्हेशन अडतं. एका ओळखीच्या ताईंच्या लॅपटॉपचं असंच झालं होतं. सेंटरचं नाव घेत नाही, पण तिथल्या माणसाने त्यांना नवीन विंडोज घ्यायला सांगितली. त्यांनी जॉबशीटवर "बोर्ड बदलल्यानंतर ॲक्टिव्हेशन नाही" असं लिहून मशीन परत दिलं, तेव्हा की लिहून मिळाली. तोंडी भांडू नका, जॉबशीटवर लिहून घ्या.

विंडोज ७ किंवा ८ च्या स्टिकरवर भिस्त ठेवणाऱ्यांसाठी वाईट बातमी आहे. त्या जुन्या की टाकून १० किंवा ११ ॲक्टिव्हेट व्हायची, ती वाट मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केली. आधी मिळालेलं डिजिटल लायसन्स जुन्या बोर्डवर चालू राहतं, पण बोर्ड गेला की स्टिकर उपयोगाचा नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून ॲक्टिव्हेशनही बंद झालं असा एक समज पसरला आहे. तो खोटा. नवा बोर्ड विंडोज ११ चालवण्याजोगा असेल, तर १० चं लायसन्स ११ ला त्याच एडिशनमध्ये चालतं.

दर सहा महिन्यांनी परत येणारी ओळ

"ॲक्टिव्हेट करून घेतलं होतं, परत आलं" ही तक्रार वेगळी आणि तिचं मूळही वेगळं. बोर्ड बदलल्यावर दुकानात दोन-तीनशे रुपयांत विंडोज "ओरिजिनल करून" दिली जाते. मघाचीच कमांड अशा मशीनवर चालवून बघा. चॅनलच्या जागी "व्हॉल्युम_केएमएसक्लायंट" दिसतं आणि खाली मुदत मिनिटांत लिहिलेली असते, २,५९,२०० मिनिटं. म्हणजे बरोबर १८० दिवस.

केएमएस ही मुळात मोठ्या संस्थांची सोय आहे. संस्थेच्या आत एक सर्व्हर असतो, आतली मशीनं दर सात दिवसांनी त्याच्याकडून मुदत वाढवून घेतात, आणि १८० दिवसांत त्याची गाठ पडली नाही तर ॲक्टिव्हेशन जातं. घरी असा सर्व्हर कुठून येणार? मग ॲक्टिव्हेटर मशीनमध्येच खोटा सर्व्हर बसवतं किंवा परक्याच्या सर्व्हरकडे बोट दाखवतं. त्यासाठी अँटिव्हायरसला गप्प बसवावं लागतं, आणि तेच माझ्या काळजीचं कारण आहे. ज्या मशीनवर पतसंस्थेचे हिशेब आहेत, जिथून जीएसटीचं रिटर्न भरलं जातं, तिथे अँटिव्हायरस बंद करून अनोळखी प्रोग्रॅमला ॲडमिनचे अधिकार द्यायचे? माझ्याकडे असं मशीन आलं की मी डेटा काढून घेतो, डिस्क पूर्ण पुसतो आणि विंडोज नव्याने टाकतो. आणि गंमत नाही, खरंच सांगतो, त्यातल्या काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये रीतसर की आधीपासून होती. योग्य एडिशन टाकल्यावर ती आपोआप ॲक्टिव्हेट झाली.

ऑफिसचा लॅपटॉप घरी आणल्यावर शेवटी एफ०७४ असलेला कोड दिसत असेल, तर त्यात काळंबेरं काही नाही. केएमएस सर्व्हर सापडत नाही एवढंच. ऑफिसच्या व्हीपीएनला जोडून बघा, नाहीतर आयटीला कळवा.

एक छोटी गोष्ट इथेच सांगतो. जुन्या किंवा सेकंडहँड बोर्डवर मशीन बंद करून सुरू केलं की तारीख मागे जात असेल, तर बोर्डवरचा गोल सेल संपला आहे. घड्याळ चुकीचं असलं की सर्व्हरशी सुरक्षित जोडणी होत नाही आणि ॲक्टिव्हेशन विनाकारण अडतं. सीआर२०३२ नावाचा सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो.

ॲक्टिव्हेशनपेक्षा मोठं संकट: बिटलॉकर

लायसन्स गेलं तर पैसे जातात, बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्क-कुलपाची, की हरवली तर डेटा जातो. हल्लीच्या लॅपटॉपवर, होम एडिशनमध्येसुद्धा, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असू शकते. मालकाला त्याचा पत्ताही नसतो. या कुलपाची किल्ली टीपीएम नावाच्या सुरक्षा चिपमध्ये असते आणि टीपीएम बोर्डवर किंवा प्रोसेसरमध्ये असतं. बोर्ड बदलला की निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती नसेल तर मी काय, कुणीच ती डिस्क उघडून देऊ शकत नाही.

एएमडीच्या मशीनवर नुसता प्रोसेसर बदलला तरी हे होऊ शकतं. सुरू होतानाच काळ्या पडद्यावर एफटीपीएम (प्रोसेसरमधलं टीपीएम) रीसेट करायचं का असं विचारलं जातं, वाय किंवा एन दाबायला सांगतात. रिकव्हरी की हातात नसेल तर वाय दाबू नका. मशीन बंद करा, जुना प्रोसेसर परत बसवा, आधी की शोधा.

म्हणून कॅबिनेट उघडण्याआधी सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत "डिव्हाइस एन्क्रिप्शन" बघा. चालू असेल तर बंद करा आणि डिस्क पूर्ण मोकळी होईपर्यंत थांबा. मोठ्या डिस्कला वेळ लागतो, घाई करू नका. बोर्ड आधीच गेला असेल, तर मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट खात्यात लॉगिन करून डिव्हाइसेसमध्ये रिकव्हरी की शोधा. मुलाच्या किंवा जुन्या नोकराच्या खात्याने पहिल्यांदा लॉगिन झालं असेल, तर की त्या खात्यात सापडते. आधी तो माणूस शोधा.

सगळं झाल्यावर खात्री कशी करायची? मशीन रीस्टार्ट करा आणि पुन्हा एस-एल-एम-जी-आर टाइप करून, जागा सोडून तिरपी रेघ आणि एक्स-पी-आर. "पर्मनंटली ॲक्टिव्हेटेड" असं आलं तर काम पक्कं. तिथे एखादी तारीख आली, तर ते केएमएस आहे आणि पैसे परत मागायची हीच वेळ. रिटेल लायसन्स नव्या बोर्डवर आणलं असेल आणि जुना बोर्ड विकायचा किंवा मुलांना द्यायचा असेल, तर जुन्या मशीनवरून याच कमांडने, पुढे यू-पी-के लावून, की काढून टाका. एक रिटेल लायसन्स एका वेळी एकाच मशीनवर चालतं, आणि तुमचा बोर्ड विकत घेणाऱ्यालाही ते आधीच सांगा.